गिरणी, उसनवारी आणि मैत्री

(हीरक महोत्सवी वर्षात भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



महोत्सव समितीचे निमंत्रण मला कुंभकोणमला मिळाले. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य समितीने माझ्यावर सोपवले होते. बँकेतल्या माणसाने शाळेत यावे आणि मुलांना बचतीचे महत्त्व पटवून द्यावे, अशी एक रूढ अपेक्षा असते. ती मी आज पुरी करणार नाही. मी उसनवारीविषयी बोलणार आहे, आणि तीही कागदावर सही घेऊन दिलेल्या कर्जाविषयी नव्हे. गिरणी बंद पडली म्हणजे पगार बंद पडतो, हे या सभागृहात कोणालाही सांगावे लागणार नाही. परंतु पगार बंद पडला म्हणजे मैत्रीचे काय होते, हा प्रश्न आपण याच वस्तीत वाढूनही स्वतःला फारसा विचारलेला नाही.

मलाही तो इथे असताना पडला नव्हता. तो पडला कुंभकोणमला, म्हणून आधी तिथले थोडेसे सांगतो. बँकेने माझी तिथे बदली केली. (आपल्या वस्तीत ‘बदली’ या शब्दाला दुसराच अर्थ होता. त्याकडे मी पुढे येईनच.) कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधले, देवळांचे हे गाव तंजावरपासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर आहे. बारा वर्षांनी एकदा तिथे महामहम भरतो, तेव्हा लाखो लोक एका तळ्यात स्नानाला उतरतात. तंजावरला भोसल्यांचे राज्य पावणेदोनशे वर्षांच्या आसपास टिकले आणि १८५५ साली संपले. राज्य संपले तरी त्यांच्याबरोबर गेलेली मराठी भाषा त्या मुलखात काही घरांत अजून नांदते आहे. पहिल्या आठवड्यातच एक वृद्ध गृहस्थ शाखेत आले आणि तमिळ वळणाच्या, पण अस्सल मराठीत त्यांनी माझी चौकशी केली, तेव्हा मला गहिवरून आले, हे सांगायला संकोच वाटत नाही.

हे गाव पूर्वीपासून पितळेच्या भांड्यांचे. जवळच्या नाच्चियारकोविलचे उंच दिवे प्रसिद्ध आहेत. बैठक, खांब, तेलाची वाटी आणि माथ्यावरचा हंस असे भाग वेगवेगळे ओतून, चरकावर कातून, आट्यांनी एकमेकांत बसवलेले असतात. आपल्या पुण्याच्या तांबट आळीचे जे झाले, तेच तिथल्या भांड्यांचे झाले. आधी ॲल्युमिनियम आले, मग स्टेनलेस स्टील आले. कल्हई नको, चिंचेने घासणे नको. लग्नात मुलीला द्यायच्या भांड्यांच्या यादीतून पितळ हळूहळू उतरत गेले. कोणत्या दिवशी उतरले ते कोणालाच सांगता येणार नाही. आता महामार्गावरच्या ‘डिग्री कॉफी’च्या हॉटेलांत पितळेचा पेला आणि वाटी पुन्हा दिसतात, पण ती हौसेची चीज झाली.

माझ्या शाखेत दोन कारागीर येत. दोघांचे वडील एकाच भट्टीवर काम करीत होते, आणि हे दोघे त्याच भट्टीवर मोठे झाले. पुढे एकाने मुलाच्या आग्रहाखातर भट्टी विझवली आणि स्टीलच्या भांड्यांचे दुकान घातले. दुसऱ्याने पितळ सोडले नाही. दोघांत भांडण असे झालेच नाही. तरीही दुसरा पहिल्याच्या दुकानाची पायरी चढत नसे. मी एकदा सहज कारण विचारले. त्यांनी दिलेले उत्तर मी माझ्या शब्दांत सांगतो. तो माझा वैरी नाही, त्याने वाईट काही केले नाही; पण मी त्याच्या दुकानात बसलो तर माझे राहिलेले गिऱ्हाईक मला तिथे बसलेला पाहील, आणि मग माझ्या पितळेवर माझाच विश्वास उरला नाही असे त्याला वाटेल. शिवाय, त्याने मला चहा पाजला तर तो मी कशाने फेडू?

तो शेवटचा प्रश्न ऐकला आणि मला गिरणगाव आठवले.

मित्रहो, गिरणगावातली मैत्री हा नुसता जिव्हाळा नव्हता. ती एक व्यवस्था होती, आणि तिच्यात देणे-घेणे होते. कोकणातून, घाटावरून माणूस मुंबईला आला की तो गावच्या खोलीवर उतरे. ग्रामस्थ मंडळाने घेतलेल्या त्या एका गाळ्यात वीस-पंचवीस माणसे राहत, कधी त्याहून अधिक. तेवढ्यांना एका वेळी पाठ टेकायला जागा नसे, परंतु तशी वेळच येत नसे, कारण गिरणीच्या तीन पाळ्या होत्या. सकाळी सातला एक भोंगा, दुपारी साडेतीनला दुसरा आणि मध्यरात्री तिसरा. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की त्याच्या वळकटीच्या जागेवर तिसऱ्या पाळीवरून आलेला पसरे. जागा उसनी, ऊबही उसनी. खानावळ सामाईक, ट्रंका भिंतीला लावलेल्या, आणि गावाला पाठवायच्या मनिऑर्डरीचा फॉर्म ज्याला लिहिता येई तो सर्वांचा लिही.

आणि काम? कामसुद्धा उसने मिळत असे. इथे ‘बदली’चा अर्थ येतो. बदली कामगार म्हणजे ज्याला कायम जागा नाही, जो रोज गेटवर हजर राहतो आणि कोणाचा खाडा पडला तरच ज्याला आत घेतात तो माणूस. ओळखीचा कायम कामगार अशा वेळी मुद्दाम चार दिवस गावाला जाई, आणि त्याच्या साच्यावर त्याचा मित्र उभा राही. त्या चार दिवसांच्या मजुरीवर मित्राची खानावळ भागे. हिशेब कुठे लिहिला जात नसे. तरी तो दोघांनाही पाठ असे. पुढे मित्र कायम झाला की तो दुसऱ्या कोणासाठी तसेच करी. माझ्या वडिलांना साचेखात्यात पहिले दिवस असेच मिळाले होते.

साचेखात्याविषयी एक सांगायलाच हवे. तिथे शेकडो साचे एकाच वेळी धडधडत असत, त्यामुळे बोललेले ऐकू येत नसे. शेजारी शेजारी उभे राहिलेले विणकर ओठांच्या हालचालींवरून आणि हाताच्या खुणांनी बोलत. वडील आणि त्यांचे शेजारचे साचेवाले, ज्यांना आम्ही मुले ‘काका’ म्हणत असू, दोघे घरी आले तरी हातवारे करून बोलत आणि आम्हाला हसू येई. पंधरा वर्षे त्यांनी अशी न ऐकता मैत्री केली. मला पुष्कळदा वाटते, की काम संपल्यावर पुढे त्या माणसांना एकमेकांशी बोलता आले नाही, त्याचे एक कारण हेही असावे. त्यांची भाषा यंत्राच्या आवाजात तयार झाली होती. शांततेत ती कशी वापरायची हे त्यांना कोणी शिकवले नाही.

कुंभकोणमच्या पितळेला शेवटची तारीख नव्हती. आपल्याकडे तारीख होती. बोनसच्या प्रश्नावरून १९८१ च्या दिवाळीत असंतोषाने तोंड काढले, आणि १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे साठ गिरण्यांमधले जवळजवळ अडीच लाख कामगार संपावर गेले. राष्ट्रीय मिल मजदूर संघाला १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने प्रातिनिधिक युनियनचा दर्जा होता. कामगार एका बाजूला आणि कायद्याने मान्य केलेली युनियन दुसऱ्या बाजूला, असा तो पेच. त्या संपाचे राजकारण, मालकांचे हिशेब, सरकारची भूमिका यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात मी शिरत नाही. एवढेच नोंदवतो की तो संप रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही. जे संपलेच नाही त्याचा शोक करायचा कधी? सुतक फिटावे अशी तिथी कामगारांना मिळाली नाही.

संपाच्या पहिल्या काही महिन्यांत मैत्रीला भरती आली होती, हे मुद्दाम सांगायला हवे. गावांकडून धान्य आले. ज्यांची शेती होती त्यांनी बिऱ्हाडे गावी नेली आणि ज्यांची नव्हती त्यांच्यासाठी पोती पाठवली. खोलीतल्या एकाला नाक्यावर हमाली मिळाली तर चौघे जेवत. आमच्या चाळीत त्या उन्हाळ्यात जेवढी भजने झाली तेवढी त्याआधी आणि त्यानंतर झाली नाहीत. माणसे रिकामी होती आणि अजून घाबरलेली नव्हती.

पावसाळ्यानंतर चित्र पालटले. काही जण कामावर परत जाऊ लागले. त्यांना पोलीस बंदोबस्तात आत नेत. ‘फितूर’ हा शब्द आम्ही शाळेत इतिहासाच्या तासाला शिकलो होतो. तो आता चाळीच्या जिन्यावर ऐकू येऊ लागला. गेटवर मारामाऱ्या झाल्या, दोन्ही बाजूंच्या माणसांनी मार दिला आणि खाल्ला. आमचे काका आत गेले. वडील गेले नाहीत. काकांच्या घरात तेव्हा आजारपण होते आणि थोरल्या मुलीचे लग्न ठरलेले होते. वडिलांच्या मागे गावची थोडी जमीन होती. त्या दोघांत तत्त्वाचा फरक किती आणि जमिनीचा किती, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि ज्यांना ठामपणे ठरवता येते त्यांच्याविषयी मला थोडी शंका येते.

गिरणगावाची कहाणी सांगताना आपण बहुतेक वेळा इथेच थांबतो. संपवाले आणि संपफोडे, निष्ठा आणि गद्दारी, अशी ती कहाणी नाट्यमय होते. मी मात्र आज निराळे म्हणणे मांडतो आहे. माझ्या पाहण्यात ज्या मैत्र्या तुटल्या, त्यांतल्या फार थोड्या या कारणाने तुटल्या. संपफोड्याला शिव्या देणारा माणूस दोन वर्षांनी त्याच्याबरोबर गणपतीच्या मांडवात बसलेला मी पाहिला आहे. राग निवतो. न निवणारी गोष्ट वेगळी होती, ती म्हणजे हातउसने पैसे.

बँकेचे कर्ज बुडाले तर माणूस बँकेला बुडवतो. बँकेला चेहरा नसतो. निदान कर्जदाराला तो दिसत नाही. हातउसने बुडाले तर समोर एक ओळखीचा चेहरा असतो. त्या दोन वर्षांत गिरणगावात किती पैसे या हातातून त्या हातात गेले याची मोजदाद होणे शक्य नाही. पन्नास रुपये, शंभर रुपये, बायकोची एक बांगडी, भिशीचा आधीच उचललेला नंबर. प्रत्येकाने ते या विश्वासाने दिले आणि घेतले की गिरणी सुरू झाली की पहिल्या पगाराला फेडायचे. पहिला पगार आला नाही. १९८३ मध्ये केंद्र सरकारने तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, काही गिरण्या कमी माणसांवर चालू झाल्या, हजारो कामगारांना परत घेतलेच नाही. देणाऱ्याने पैसे मागितले असते तर कदाचित बरे झाले असते, भांडण होऊन मोकळे झाले असते. पण बहुतेकांनी मागितले नाहीत. देणारा विचार करी की मी समोर गेलो तर त्याला वाटेल मी मागायला आलो. घेणारा विचार करी की त्याने मागण्याआधी मी कोणत्या तोंडाने जाऊ? म्हणून दोघांनीही वाट बदलली. ज्यांनी एका वळकटीच्या जागेवर झोप वाटून घेतली, ती माणसे एकमेकांना चुकवण्यासाठी लांबच्या गल्लीतून बाजारात जाऊ लागली. वैर नव्हते. उलट, एकमेकांची अब्रू राखण्यासाठीच हे चालले होते.

खानावळी चालवणाऱ्या बायकांचे पाहा. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. ज्या बायकांकडे तारण ठेवायला काही नव्हते त्यांना एकमेकींच्या जामिनावर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. माझ्या व्यवसायातल्या माणसांनी हा धडा पुढे बचत गटांच्या निमित्ताने पुन्हा गिरवला. गिरणगावातल्या बायकांना तो आधीच ठाऊक होता. संप झाला तेव्हा जेवणारे गडी गावी निघून गेले आणि खानावळवालीच्या वहीत नावांपुढे आकडे राहिले. आमच्या चाळीतल्या खानावळवाल्या मावशींनी ती वही पुढे कैक वर्षे ठेवली होती. त्यांच्याकडे कोणी जुना गडी आला की त्या आधी ताट वाढत आणि मग वही काढून त्याच्यासमोर त्याच्या नावावर काट मारत. पैसे दिले असोत वा नसोत. मला वाटते पुरुषांनी न केलेली गोष्ट त्यांनी केली, हिशेब उघड बोलून मिटवला. आमच्या बापांनी तो मनात ठेवला.

पुढे पैसा आला तोही सारखा आला नाही. कोणी संपाच्या काळातच राजीनामा देऊन थोडक्यात मोकळा झाला होता, कोणाला अनेक वर्षांनी स्वेच्छानिवृत्तीची रक्कम मिळाली. एकाच खात्यातल्या, एकाच वर्षी लागलेल्या दोन माणसांच्या हातात वेगवेगळी रक्कम. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट खुली केली, २००१ च्या दुरुस्तीने शहराच्या आणि परवडणाऱ्या घरांच्या वाट्याला येणारी जमीन आणखी आक्रसली. उरलेल्या हक्कासाठी कामगार लढले आणि घरे मिळाली, परंतु कशी? २०१२ मध्ये म्हाडाने पहिली सोडत काढली तेव्हा घरे ६,९२५ होती आणि अर्ज दीड लाखाच्या आसपास. म्हणजे आयुष्यभर सगळे वाटून घेतलेल्या माणसांना शेवटी चिठ्ठीने वेगळे केले. ज्याचा नंबर लागला तो ज्याचा लागला नाही त्याच्याकडे पेढे घेऊन जाईल का? माझ्या माहितीतल्या एका घरी ते पेढे तीन दिवस तसेच पडून राहिले. न्यावेत की नेऊ नयेत हे ठरेना.

जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकाने गिरणी कामगाराच्या कुटुंबाची झालेली ओढाताण आपल्यासमोर ठेवली. घर कसे फुटले हे आपल्याला तिथे दिसले. मैत्रीची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. घर फुटले तर रेशनकार्ड वेगळे होते, मैत्री तुटल्याचा कागद निघत नाही. म्हणूनच हे बोलायला मला शाळा ही योग्य जागा वाटली, कारण शाळेत कागद असतो.

जून १९८२ मध्ये आम्ही नववीत आलो तेव्हा वर्गात बाके रिकामी होती. माझ्या शेजारी काकांचा मुलगा बसत असे. दिवाळीनंतर, म्हणजे काका कामावर जाऊ लागल्यावर, आम्ही घरी एकमेकांशी बोलायचे नाही असे न सांगता ठरले होते. वर्गात मात्र बाक तेच राहिले. आमच्या वर्गशिक्षकांना सर्व ठाऊक होते. त्यांनी आम्हाला वेगळे बसवले नाही आणि जवळ आणण्यासाठी उपदेशही केला नाही. त्यांनी एवढेच केले की भूगोलाचे पुस्तक दोघांत एक दिले. पुस्तके पुरेशी नाहीत, असे कारण सांगितले. ती पुरेशी होती, कपाटात गठ्ठा होता, आम्ही दोघांनीही तो पाहिला होता. सर आज सभागृहात आहेत, म्हणून अधिक बोलत नाही.

वडील आणि काका पुढे भेटले का, असे मला येताना गाडीत कोणीतरी विचारले. भेटत असत, वर्षातून एकदा, गावच्या खोलीवर सत्यनारायणाला. दोघेही तीर्थप्रसाद घेत, इतरांशी बोलत. वडिलांकडून काकांनी लग्नासाठी तीनशे रुपये घेतले होते हे मला आईकडून कळले, तेही वडील गेल्यानंतर. काकांचा मुलगा तेव्हा समाचाराला आला होता. त्याने पाकीट पुढे केले. मी ते घेतले. नाकारले असते तर तो पुन्हा आला नसता. तीनशे रुपये मोजून घेतले आणि मग दोघे खाली जाऊन चहा प्यालो. त्याचे पैसे मी दिले, त्याने ते देऊ दिले.

आता समितीला माझी एक विनंती आहे, आणि तीसाठीच मी इतक्या लांबून आलो. या मेळाव्याची निमंत्रणे दहावीच्या याद्यांवरून गेली, असे मला कळले. म्हणजे जे या शाळेतून दहावी झाले त्यांना. संपाच्या वर्षांत जी मुले बापाबरोबर गावी गेली, ती या शाळेतून दहावी झाली नाहीत. ती आज इथे नाहीत आणि स्मरणिकेच्या यादीतही नसतील. त्यांची नावे शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आहेत. १९८२ आणि १९८३ च्या पानांवर शाळा सोडल्याचे कारण लिहिण्याचा रकाना आहे. त्यात कारण काय लिहिले आहे ते कोणीतरी एकदा वाचावे. बहुतेकांच्या जन्मगावाची नोंदही तिथेच सापडेल. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांत ग्रामपंचायतीला एक पोस्टकार्ड टाकले तरी पुष्कळ पत्ते लागतील.

आमच्या एका तुकडीतली अकरा नावे आम्ही दोघांनी आठवून काढली आहेत. मी तमिळनाडूत आणि तो दिव्याला, त्यामुळे फोनवरच हे काम झाले. एका नावावरून आमचा वादही झाला. ती यादी मी मुख्याध्यापिका बाईंकडे देतो आहे. अकरापैकी चौघांचा पत्ता लागला आहे. बाकीच्या सातांतले कोणी आपल्यापैकी कोणाच्या गावचे, भावकीतले असले तर भाषण संपल्यावर मला दाराशी भेटा. मी रात्रीच्या गाडीपर्यंत इथेच आहे.